खाली न आलेला हात

माझ्या मायला जन्मापासून ऐकू येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. आणि हे सांगितलं की लोक चेहरा पाडून ‘अरेरे’ म्हणतात, त्याचा मला भयंकर राग येतो. आमच्या घरात अरेरे करण्यासारखं काही नव्हतं. उलट आमच्याइतकं बोलणारं घर सुरतेतल्या अख्ख्या कोसाडच्या कॉलनीत सापडलं नसतं. भांडणं तर अशी रंगायची की शेवटी हात दुखून यायचे.

आम्ही हातांनी बोलायचो, पण ती कुठल्या शाळेत शिकवतात तशी खुणांची भाषा नव्हती. माय शाळेत गेलीच नाही. आमची भाषा लूम्सच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यातून घरी आली होती. आबा, म्हणजे माझे वडील, धुळ्याकडून सुरतेला आले आणि कतारगामच्या एका कारखान्यात मागावर उभे राहिले ते शेवटपर्यंत. ज्यांनी मागांचा कारखाना आतून पाहिला नाही त्यांना काय सांगू, तिथे कानाला तोंड लावून बोंब मारली तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथे सगळे हातांनी बोलतात. तार तुटली, बॉबिन संपली, शेठ आला, चहा आला, घरून निरोप आला, सगळ्याला खूण ठरलेली.

लग्नासाठी आबा मुलगी बघायला गेले तेव्हा मायच्या वडिलांनी हात जोडून सांगितलं की पोरीला ऐकू येत नाही, बोलता येत नाही, फसवणूक नको. आबा म्हणाले, ‘मीसुद्धा दिवसाचे बारा तास बहिराच असतो.’ झालं लग्न. मग त्यांनी मायला कारखान्याची भाषा शिकवली, तिने त्यात स्वतःची भर घातली, मी जन्मले तशी माझी पडली. अशी एक भाषा तयार झाली जी जगात तीनच माणसांना येत होती. आबा गेले, आता दोघींना येते. माय काय म्हणते ते माझ्याशिवाय कुणालाही कळत नाही.

त्या भाषेतली एक खूण नीट सांगायला हवी. एक हात वर, तळवा समोर. कारखान्यात मागात काही अडकलं की कारागीर माग बंद करतो आणि एक हात आत घालून ते सोडवतो. अशा वेळी दुसऱ्या कुणी बेसावधपणे माग सुरू केला तर संपलंच. म्हणून एक हात आत घातला की दुसरा वर करायचा. वर हात दिसला की समोरच्याने जिथे आहे तिथे थांबायचं, कशालाही शिवायचं नाही, आणि हात खाली येईपर्यंत नजर हटवायची नाही. आणि ज्याने हात वर केला त्याने तो खाली केल्याशिवाय जागा सोडायची नाही. आबांच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धी होती. एकदा एका नव्या माणसाने त्यांचा वर केलेला हात बघितला नव्हता.

घरात या खुणेचा अर्थ हळूहळू नुसता ‘थांब’ एवढाच झाला. निदान माझ्यासाठी. तेल तापलंय, थांब. रस्त्यावर टेम्पो येतोय, थांब. मी आठ वर्षांची असताना एकदा मजा म्हणून मायला हात दाखवला आणि तशीच खेळायला पळाले. माझ्या डोक्यात, ती येईल की मागून. आबा कामावरून आले तेव्हा माय स्वयंपाकाच्या ओट्याशी दाराकडे बघत तशीच उभी होती, आणि पोळी तव्यावर जळून कोळसा झाली होती. आबांनी मला आयुष्यात एकदाच मारलं, ते त्या दिवशी. मग त्यांनी मला मायसमोर उभं केलं आणि माझा हात धरून वर केला, खाली केला. वर केला, खाली केला. मी रडत होते आणि माय माझे डोळे पुसत होती.

आता माझं काम. मी एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहिते. घरबसल्या डॉक्टरला व्हिडिओवर दाखवायचं ॲप आहे आमचं. त्यातला माझा भाग म्हणजे फोन एका नेटवरून दुसऱ्या नेटवर गेला तरी बोलणं तुटू नये. ऐकायला सोपं वाटतं ना? डोंबल सोपं! फोनला पुढची वाट किती रुंद आहे ते दिसत नसतं. तो थोडा माल पाठवतो, पोच आली की जरा जास्त पाठवतो, पोच यायला उशीर झाला की समजतो की पुढे गर्दी आहे आणि हात आखडतो. असा अंदाज घेत घेत त्याचा वेग ठरतो. पण तुम्ही ऑफिसच्या वायफायवरून उठून रस्त्यावर आलात आणि फोनने मोबाइलचं नेट पकडलं, की वाट बदलते आणि अंदाज मात्र जुनाच राहतो. बादलीने ओतायची सवय झालेल्या माणसाने तसंच अरुंद तोंडाच्या घागरीत ओतावं, तसं होतं. अर्धं सांडतं. मग घाबरून तो थेंब थेंब टाकायला लागतो, आणि पुन्हा धार धरेपर्यंत तुम्ही पुढच्या टॉवरखाली गेलेले असता. पुन्हा तीच गत.

यावर मी दोन नियम लिहिले होते. पहिला असा की जागा कमी पडली तर आधी चित्र सोडायचं, आवाज धरून ठेवायचा. आवाजाला जागा लागते थोडी आणि माणसाला आवाज आला की धीर येतो. सगळेच असं करतात, त्यात माझं काही नाही. दुसरा नियम मात्र माझ्या डोक्यातून निघाला होता. चित्र थांबलं की पडद्यावर ते गोल गोल फिरणारं चाक येतं, नाहीतर काळं होतं, आणि पेशंट घाबरून फोन कापतात. म्हणून मी म्हटलं, काही दाखवायचंच नाही. शेवटचं नीट आलेलं चित्र तसंच्या तसं, स्वच्छ, ठेवून द्यायचं. माणसाला वाटेल समोरचा शांतपणे ऐकतोय. साहेबांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माझी तारीफ केली. मी खूश. मायशी रोज दुपारी हातांनी बोलणारी मी, आणि मला एवढंही सुचलं नाही! कुठे अक्कल गहाण ठेवली होती देव जाणे.

वर मी तेच ॲप मायच्या फोनवर टाकलं. आठवडाच झाला होता. रोज जेवायच्या सुट्टीत मी तिला व्हिडिओ लावायची, ती काय केलंय ते पातेलं तिरपं करून दाखवायची. मी माझ्या टेबलाशी, ऑफिसच्या वायफायवर. चित्र कधी थांबलंच नाही. थांबलं तर काय होईल हे तिला दाखवायचं माझ्या मनातही आलं नाही.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ॲपवर तिच्या फोनवरून व्हिडिओ कॉल आला. एरवी मीच लावायची, आणि तोही दुपारी. उचलला तर पडद्यावर आमच्या शेजारची मावशी. ती आमच्या खानदेशातलीच, घाबरली की तोंडातून अहिराणीच निघते. “तुनी मायना पोटमा भलतं दुखी ऱ्हायनं,” ती म्हणाली. “रिक्षामा टाकीसन दवाखानामा लई उनू. डॉक्टर इचारी ऱ्हायना, पण ती काय हातवारा करी ऱ्हायनी माले काहीच समजत नही.”

मायला रिक्षात घालून तिने दवाखान्यात आणलं होतं. मावशीने फोन मायकडे फिरवला. माय एका बाकावर बसलेली, चेहरा घामाने निथळत होता. मला बघून तिने इतका मोठा श्वास सोडला की तिचे खांदे खाली आलेले मला दिसले. मागून एका तरुण डॉक्टरचा आवाज येत होता. तो गुजराती-हिंदीत विचारायचा, मी हातांनी मायला, माय मला, मी त्याला. कधीपासून? काल संध्याकाळपासून. उलटी? दोनदा. ताप? असेल. चांगलं चाललं होतं. डॉक्टर म्हणाला, “वाह बेन, सरस.” मला वाटलं चला, माझ्या कामाचं चीज झालं.

मी कॉल चालू ठेवूनच पर्स उचलली आणि लिफ्टकडे निघाले. तिथून दवाखाना म्हणजे शहराचं दुसरं टोक, निघायलाच हवं होतं. तेवढ्यात डॉक्टरने विचारलं की दुखायला सुरुवात कुठून झाली आणि आता कुठे दुखतंय, हे नीट विचारा, महत्त्वाचं आहे. मी मायला विचारलं. तिने बोट बेंबीवर ठेवलं. मग ते बोट उचललं, आणि त्याच क्षणी लिफ्टचं दार उघडलं.

आमच्या इमारतीची लिफ्ट एकदा गेली की दहा मिनिटं तोंड दाखवत नाही. मी तिथे अर्धं मिनिट उभी राहिले असते तर काय बिघडलं असतं? पण नाही. चालता चालता बोलू, आपलंच तर ॲप आहे, कॉल काही तुटत नाही, असा माज. डाव्या हातात फोन होता. मी उजवा हात वर केला, तळवा मायच्या समोर. थांब. आणि लिफ्टमध्ये शिरले.

खाली उतरून रस्त्यावर आले तर मायचं चित्र थांबलेलं. बोट बेंबीवरून उचललेलं, तोंड जरासं उघडं, नजर माझ्याकडे. मला कळलं की वायफाय सुटलं, मोबाइलचं नेट पकडलं, आता अंदाज चुकलाय, सावरेल. मी नाही का लिहिलं ते? मी मनातल्या मनात सेकंद मोजले. आवाज येत होता, अगदी स्वच्छ. मावशी म्हणाली, “मी केसपेपर काढाले जास. फोन इथंच ठेवस, तुनी मायसमोर.” पाण्याच्या बाटलीला टेकवून फोन ठेवल्याचा खट्ट आवाजही मला ऐकू आला. मी “बरं” म्हटलं आणि समोर आलेल्या बसमध्ये चढले.

त्या बसमधला प्रवास मी आजही विसरू शकत नाही. बस हलली की नेट यायचं. पुलाखाली गेली की जायचं. एका स्टॉपवर फोनने कुठलंतरी ओळखीचं वायफाय धरलं, बस निघाली तसं सोडलं. प्रत्येक वेळी माझा प्रोग्राम इमानेइतबारे जुना अंदाज विसरायचा, थेंबाने सुरुवात करायचा, चित्राची वेळ येईपर्यंत वाट पुन्हा बदललेली. आणि प्रत्येक वेळी तो माझाच नियम पाळायचा, आधी आवाज. दवाखान्यातला पंखा ऐकू येत होता. कुणाचं तरी लहान मूल रडत होतं ते ऐकू येत होतं. ट्रॉलीची चाकं ऐकू येत होती. सगळं जग मला ऐकू येत होतं आणि मला हवं होतं एक बोट. बेंबीवरून उचललेलं ते बोट पुढे कुठे गेलं, एवढंच!

“माय!” मी ओरडले. “माय! माय गं!” बसमधली माणसं वळून बघायला लागली. शेजारच्या बाईने माझ्या दंडावर हात ठेवला आणि विचारलं काय झालं. काय सांगू तिला? ऐकू न येणाऱ्या बाईला फोनवर हाका मारतेय म्हणून?

बऱ्याच वेळाने डॉक्टरचा आवाज आला. “बेन, संभळाय छे?” ऐकू येतंय का?

“हां, डॉक्टरसाहेब! चित्र अटकलंय माझं. ती काय खूण करतेय? बोट कुठे दाखवतेय?”

“कंई नथी करती,” तो म्हणाला. काहीच करत नाहीये. “शांत बेठी छे. सुवानी ना पाडे छे. मोबाइल सामे ज जोया करे छे.” झोपायला सांगतो तर झोपत नाही, नुसती मोबाइलकडे बघत बसली आहे. मग हिंदीत म्हणाला की एवढं दुखत असतं तर माणूस असं ताठ बसला नसता, बहुतेक दुखणं उतरलंय, तुम्ही या तोवर बसू दे, माझ्याकडे अजून पेशंट आहेत. त्याचा तरी काय दोष? त्याच्यापुढे एक बाई होती जी बोलत नव्हती, हलत नव्हती, हात लावू देत नव्हती.

मावशी परत आली. तिला मी विचारलं, माय कशी आहे. “आते गपचूप बसेल शे,” ती म्हणाली. “बरं वाटी ऱ्हायनं व्हई.”

आणि खरं सांगते, मी सुटकेचा श्वास टाकला. मायला दुखायचं थांबलं असेल असं मला वाटलं, म्हणजे वाटून घेतलं. कॉल कापून पुन्हा लावावा असं दोनतीनदा मनात आलं. पण पुन्हा लावला आणि लागलाच नाही तर? मावशीला ॲपमधलं काही कळत नाही, मायने चुकीचं बटण दाबलं तर? आवाज तरी येतोय, तो का घालवा? धरून ठेवू. जे हातात आहे ते धरून ठेवायचं, हेच तर मी त्या मशीनला शिकवलं होतं.

बस थांबली. मी उतरून पळत सुटले. दवाखान्याच्या दारात शिरताना फोनने आणखी एकदा नेट बदललं, मी बघितलंही नाही.

लांब पॅसेज होता, भिंतीला बाक. माय शेवटच्या बाकावर होती. मावशी बाजूला पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. माय ताठ बसली होती, दोन्ही हात मांडीवर, चेहऱ्याचा रंग पार राखेसारखा. ओठ दातांत धरले होते, त्यातून रक्त आलं होतं. अंगातलं पोलकं घामाने भिजून पाठीला चिकटलं होतं. आणि तिची नजर समोर, खुर्चीवर बाटलीला टेकवलेल्या फोनवर. मी अगदी जवळ गेले तरी तिने मान वळवली नाही.

मी वाकून फोनमध्ये पाहिलं. तिथे मी होते. लिफ्टच्या दारातली मी. चित्र इतकं स्वच्छ की माझ्या कपाळाची टिकली सुद्धा दिसत होती. आणि माझा उजवा हात वर होता, तळवा समोर.

मी तिच्या आणि फोनच्या मधे गुडघ्यांवर बसले, तिच्या डोळ्यांसमोर माझा उजवा हात वर केला आणि खाली आणला.

तेव्हा ती हलली. पोट धरून पुढे वाकली आणि तिच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो मी कधीच ऐकला नव्हता. अख्खा पॅसेज उभा राहिला. तो तरुण डॉक्टर धावत आला. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून, एका हाताने माझी ओढणी घट्ट धरून, तिने दुसऱ्या हाताचं बोट बेंबीवर ठेवलं, ते उचललं आणि उजवीकडे खाली नेऊन दाबलं. राहिलेलं अर्धं वाक्य तिने तिथे पूर्ण केलं. मी सांगितलं तसा डॉक्टरचा चेहरा बदलला आणि तो स्ट्रेचरसाठी ओरडत गेला.

अपेंडिक्स फुटलं होतं. पोटभर पू झाला होता. मोठ्या सर्जनने ऑपरेशननंतर मला बाहेर बोलावून सांगितलं की नक्की कधी फुटलं ते कुणीच सांगू शकत नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. भला माणूस होता. पण मी मावशीला खोदून खोदून विचारलं होतं. मावशी म्हणाली, एकदा मधेच तिने गच्च दात आवळले, डोळे मिटल्यासारखे केले, पण मिटले नाहीत. पापण्या ताणून उघड्या ठेवल्या. मावशीला वाटलं, झोप येत असेल. माझा हात खाली आला आणि आपल्याला दिसला नाही असं होऊ नये, म्हणून माय डोळे मिटत नव्हती. पाऊण तास.

नंतर चार दिवस ती शुद्धीत-बेशुद्धीत होती, नळ्याच नळ्या. मी तिच्या पलंगाशी बसून लॅपटॉपवर त्या दिवसाची नोंद काढून पाहिली. आमच्या ॲपने लिहिलं होतं, कॉल अखंड, नेट सात वेळा बदललं, एकदाही तुटला नाही. मी लॅपटॉप आपटणार होते, बाजूच्या पेशंटची बाई बघत होती म्हणून राहिले. मग तिथेच बसून दुसरा नियम काढून टाकला. आता चित्र तीन सेकंद थांबलं की पडदा करडा होतो आणि फोन थरथरतो, घाबरायचं त्याने खुशाल घाबरावं. आणि कॉल लावण्याआधी सांगता येतं की आमचं बोलणं हातांचं आहे. मग आवाज आधी जातो, चित्र राहतं. साहेब फोनवर म्हणाले की हे सगळं ठीक आहे, पण अशी माणसं आपल्या ॲपवर कितीशी असतील? मी म्हटलं, “एक. माझी आई.”

पाचव्या दिवशी दुपारी माय नीट जागी झाली. ऊन तिच्या पायांवर आलं होतं. तिच्या एका हाताला सलाईन, तो हलवायचा नव्हता, म्हणून ती एकाच हाताने बोलणार आणि आमचे अर्धे शब्द दोन हातांचे. मीच आधी सुरू केलं. मी किती तरी वेळ काय काय सांगत होते, की माझी चूक झाली, ती मी नव्हते, तो फोटो होता, मला खाली करायचा होता हात, मी विसरले नव्हते, मी बसमध्ये होते. माझ्या खुणा रडण्यात इतक्या बिघडल्या की मलाच कळेनात.

माय बघत राहिली. मग तिने माझं बोलणं हातानेच बाजूला सारलं आणि माझा हात मागितला. मी उजवा दिला, जो वर केला होता तो. तिने मान हलवली, हा नाही. डावा.

ज्या हाताने मी फोन धरला होता, तो हात. तो तिला दिसलाच नव्हता. पाऊण तास तिच्यासमोर माझा एकच हात होता, वर केलेला. आणि आबांनी तिला शिकवलं होतं की एक हात वर असला म्हणजे दुसरा आत असतो. माझ्यासाठी त्या खुणेचा अर्थ कधीचाच नुसता ‘थांब’ होऊन गेला होता. तिच्यासाठी झाला नव्हता. आबांच्या अर्ध्या बोटांना ती जन्मभर तेल लावत आली होती.

तिने माझा डावा हात आपल्या छातीवर घेतला. अंगठा चाचपला, मग एकेक बोट मुळापासून नखापर्यंत. पाचही तपासली, पुन्हा एकदा तपासली. मग त्याच एका हाताने, अर्ध्या खुणांनी, मला म्हणाली, “मी हलले नाही.”